बंदूकवाल्या काकूंचा नकार

दुकान थाटून बसायचं आणि आलेल्या गिऱ्हाइकाला परत कसं पाठवता येईल तेवढंच बघायचं, असा धंदा करणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली. महाडच्या बाजारात सगळे त्यांना बंदूकवाल्या काकू म्हणायचे. मागे जाळीच्या लोखंडी कपाटात चार बंदुका साखळीला बांधून उभ्या, नळ्या तेलाने चकचकताहेत, आणि काकू पापणीही न हलवता सांगणार, "माल नाही हो सध्या." गिऱ्हाईक कपाटाकडे बघायचं, मग काकूंकडे बघायचं. "मग ह्या काय आहेत?" "ह्या आहेत ना. पण तुमच्यासाठी नाहीत."

माणूस तापायचाच. कलेक्टर कचेरीचे उंबरे झिजवून, पोलीस चौकशी पार पाडून, शेती राखायचा परवाना खिशात घालून आलेला असायचा तो. काकूंचा आवाज मात्र कधी चढला नाही. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "घरातलं माणूस कुठाय?" एकट्या पुरुषाला काकू बंदूक विकत नसत. बायको असो, आई असो, सून असो, घरात जी कोणी दोन वेळा ताट वाढते ती त्यांचा लाकडी जिना चढून वर यायला हवी. कायद्यात असं कुठे लिहिलंय, असं एकाने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कायद्यात नाही, माझ्यात आहे."

मोठ्या पुरात त्यांचं खालचं दुकान छतापर्यंत बुडालं होतं. त्यानंतर खाली टॉर्च, कुलपं, नायलॉनची दोरी, माकडं हाकलायचे फटाके असला किरकोळ माल ठेवला आणि बंदुका वरच्या मजल्यावर गेल्या. जिना असा अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला परत उतरावं लागे. काकूंचे गुडघे कामातून गेलेले. दर रविवारी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून यायच्या आणि सोमवारी पुन्हा तसंच कण्हत वर चढायच्या. एकदा चढल्या की संध्याकाळपर्यंत खाली नाही. नवरा गेल्यावर दुकानाचा परवाना त्यांच्या नावावर झाला, तेव्हा बाजारातले लोक म्हणाले होते की बाई चार महिन्यांत गाशा गुंडाळेल. पण काकू बधल्या नाहीत. बाजारात कोणी कुजबुजत "कागदाशिवाय देतो" म्हणणारे फिरत असत. काकूंची सावलीसुद्धा त्या वाटेला गेली नाही.

हिरकणीवाडीचा एक जण आला होता, गडाच्या पायथ्याशी खाण्याची टपरी चालवणारा. त्याला म्हणे टपरीत बंदूक टांगायची होती. पर्यटक ती हातात घेऊन फोटो काढतील, चार वडे जास्त खपतील! काकूंनी त्याला शांतपणे चहा पाजला आणि म्हणाल्या, "दादा, झाडू टांगा. फोटो तोच येईल आणि जाताना अंगणही झाडून जातील लोक." बिचारा हसत हसतच जिना उतरला. मी तेव्हा तिथेच बाकावर बसलेली होते आणि हसायची सोय नव्हती मला, कारण त्याच्यानंतर आमचा नंबर होता.

आता आमचं सांगते. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत. मी तिथली अंगणवाडी सांभाळते. आमचे हे बावीस वर्षं मुंबईच्या एका कंपनीत होते. कंपनी बंद पडली आणि हे गावाला आले, ते कायमचेच. सुरुवातीला मला आनंद झाला होता हो. बावीस वर्षं मनीऑर्डर आणि फोनवर संसार केलेली बाई मी, नवरा दारात बसलेला बघून हरखून गेले. मग लक्षात आलं की हे नुसतेच बसतात. ओट्यावर सकाळी बसले की दुपारी तिथेच. जेवायला हाक मारली तर येणार, दोन घास खाणार, उठणार. दारू नाही, भांडण नाही, काही नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं.

एकदा दुपारी वरकसाच्या वरच्या अंगाला, कड्यापाशी हे उभे दिसले. वरकस म्हणजे आमची उतारावरची नाचणी-वरीची जमीन, तिच्या टोकाला सरळ कडा आहे. मी हाक मारली. उत्तर नाही. दुसरी हाक मारली. तिसऱ्या हाकेला मागे वळले आणि म्हणाले, "किती खोल हाय गो." एवढंच. मी त्यांना हाताला धरून घरी आणलं, पिठलं टाकलं, आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली. कोणाला सांगणार? आमच्याकडे माणसाला ताप आला तर शेजार धावून येतो, पण असलं काही बोललं की लगेच देवऋषी, नाहीतर नुसती कुजबुज. सासूबाई हयात होत्या, त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी हाय खाल्ली असती. मी तोंड शिवून घेतलं.

त्याच वर्षी डुकरांनी उच्छाद मांडला. एका रात्रीत अख्खं शेत नांगरल्यासारखं करून जायची. शेजारच्या वहिनी पहाटे गोठ्याकडे निघाल्या तर डुकराने मांडीवर सुळा मारला, बावीस टाके पडले. ते बघून आमचे हे ओट्यावरून उठले. खरंच उठले! "आता बंदूक घ्यायलाच होयी," म्हणाले. सासऱ्यांच्या नावावर जुनी ठासणीची बंदूक होती, ती गंजून केव्हाच ठाण्यात जमा झालेली. ह्यांनी नवा अर्ज केला. तालुक्याला जायचे, फोटो काढायचे, दाढी करायचे, दुपारचे पोटभर जेवायचे. इतक्या महिन्यांनी माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत जीव आला होता आणि तो आणला होता बंदुकीने. आता सांगा, मी काय करायचं होतं? बंदूक नको म्हणावं तर माणूस पुन्हा ओट्यावर. हो म्हणावं तर ती वस्तू माझ्या घरात, कड्यापाशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाताशी.

परवाना आला. त्यावर बंदूक विकत घ्यायची मुदत लिहिलेली असते, तेवढ्यात घेतली नाही तर परवाना गेला. ह्यांनी गावच्या गुरुजींना विचारलं, खात्रीचं दुकान कुठलं? गुरुजी म्हणाले, "महाडला काकूंकडे जा. दिली तर बंदूक खरी, नाही दिली तर कारण खरं." म्हणून आम्ही दोघं तो अरुंद जिना चढलो.

काकूंनी ह्यांना आधी रिकामी बंदूक हातात दिली आणि काही न बोलता बघत राहिल्या. त्यांची ही रीतच होती. माणूस बंदूक कशी धरतो, नळी कुणाकडे जाते, बोट कुठे ठेवतो, ते बघायचं. मग बंदूक माझ्या हातात दिली. देवा रे, किती जड! "उघड. आत बघ. रिकामी आहे ना? मोठ्याने सांग." मी सांगितलं, "रिकामी आहे." मग काकू ह्यांना म्हणाल्या, "दादा, परवान्याच्या दोन झेरॉक्स काढून आणा बरं, कोपऱ्यावर दुकान आहे." हे खाली उतरले. जिन्याचा आवाज थांबेपर्यंत काकू गप्प राहिल्या. नंतर मला कळलं की झेरॉक्सचं मशीन त्यांच्या टेबलाखालीच होतं.

"झोप कशी आहे त्यांची?"

"चांगली आहे."

"जेवण?"

"जेवतात की."

"बरं. आणि तू चार दिवस निर्धास्त माहेरी जाऊ शकतेस का?"

"हो, न जायला काय झालं?" मी फाडकन म्हणाले. इतक्या घाईने म्हणाले की माझं मलाच कानाला टोचलं. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नव्हे हो. आई मुलीच्या अंगावरचा वळ बघते तशा. मग एका चिठ्ठीवर त्यांनी फोन नंबर लिहिला. "हा तुझ्याजवळ ठेव, त्यांच्याजवळ नको." मी चिठ्ठी ब्लाउजमध्ये खोचली. हे झेरॉक्स घेऊन वर आले तेव्हा काकू म्हणाल्या, "माल नाही हो दादा सध्या. दसऱ्यानंतर बघू."

परत येताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनातून सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती. दसऱ्यानंतर पुन्हा गेलो. पुन्हा तेच. ह्यांचा संताप अनावर झाला. "बाईमाणसाच्या हातात दुकान दिल्यावर आणखी काय व्हायचं," असं त्यांच्या तोंडावर म्हणाले. काकूंनी नुसती मान हलवली. "बरोबर आहे दादा तुमचं. चहा घेणार?"

मुदत संपायला थोडेच दिवस उरले. मुंबईच्या कंपनीतला ह्यांचा एक जुना जोडीदार बेळगावकडचा. त्याने फोनवर सांगितलं की तिथे दुकान आहे, दोन नळ्यांची नवी डबल बार तयार आहे, नुसतं येऊन घेऊन जायचं. हे लगेच तयार. मी म्हटलं, "अहो, परवाना महाराष्ट्रापुरता आहे, तसं लिहिलंय त्यावर. दुसऱ्या राज्यातून आणायची तर आणण्याचा वेगळा कागद लागतो, काकूंनी सांगितलं होतं." तर म्हणाले, "बेळगाव म्हणजे परका मुलूख हाय काय? आपलंच हाय ते. लहानपणापासून ऐकतोय." खरंच सांगते, त्यांना त्यात कसलीच गफलत दिसली नाही. सभांमधून, घोषणांमधून जे आयुष्यभर ऐकलं ते नाक्यावरच्या पोलिसालाही ठाऊक असणार, अशी त्यांची खात्री. वाडीतले जाणते लोकही माना डोलवत म्हणाले, "आपलंच की!" त्या पोलिसाच्या हातात ह्यांची मानगूट आली की तेव्हा ह्या जाणत्यांपैकी कोण येणार होतं सोडवायला?

मी म्हटलं, मीही येते. हे म्हणाले, कशाला? मी म्हटलं, महालक्ष्मीचं दर्शन होईल वाटेत. सासूबाईंना शेजारी ठेवलं आणि वाडीतल्याच एकाची जीप करून आम्ही निघालो. सगळ्या वाटेने माझ्या डोळ्यांसमोर परतीचाच प्रवास येत होता. पायाशी घोंगडीत गुंडाळलेली बंदूक, नाक्यावर काठी आडवी करणारा पोलीस. आणि नाका पार झालाच तर मग घर. घराचीच भीती जास्त होती. नाक्यावर धरलं तर बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं, आणि मी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

बेळगावचं दुकान मोठं झकपक. पाटी मराठीत, मालक मराठी, गोड बोलणारा. "या की हो साहेब, बसा की," असं म्हणत त्याने ह्यांना खुर्ची दिली, मला स्टूल. काहीच विचारलं नाही. बंदूक काढली, ह्यांच्या हातात दिली, ह्यांनी खांद्याला लावली. ह्यांचा चेहरा असा उजळला की मला रडू यावं. लग्नात इतका उजळला नव्हता. मी धीर करून विचारलं, "दादा, दुसऱ्या राज्यात न्यायचा कागद?" तो हसला. "ते मागनं करून घ्या की, वहिनी. नाक्यावर कोण विचारतंय? आपलीच माणसं." आणि बिल करायला वही ओढली.

मी पाण्याला जाते म्हणून बाहेर पडले. रस्त्याच्या पलीकडे भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि चिठ्ठीवरचा नंबर लावला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. काकूंनी फोन उचलला आणि मी एका दमात सगळं ओकून टाकलं. ओटा सांगितला, न झोपणं सांगितलं, कडा सांगितला, "किती खोल हाय गो" सांगितलं. वर्षभर कोणाला न सांगितलेलं, परक्या गावात रस्त्यावर बसून, दोनदा पाहिलेल्या बाईला. आजूबाजूची माणसं बघत होती. बघू देत. काकूंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "दुकानाचं नाव सांग. आणि आता आत जा, त्यांच्या शेजारी उभी राहा. काही बोलू नकोस."

मी आत जाऊन उभी राहिले. पाच मिनिटं झाली असतील. मालकाचा फोन वाजला. "हां बोला ताई," असं त्याने सुरुवातीला ऐटीत म्हटलं, मग नुसतं "हो," मग "तसं नाही हो ताई," मग बराच वेळ काहीच नाही. फोन ठेवला, ह्यांच्या हातातून बंदूक घेतली आणि आतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "जमायचं नाही साहेब. कागद घेऊन या मग बघू." हे चिडले, विनवणी केली, जोडीदाराचं नाव सांगितलं. तो मान वर करेना. काकू त्याला काय म्हणाल्या ते मी पुढे विचारलं. त्या म्हणाल्या, "काही नाही गं. आज बंदूक विकलीत तर तुमच्या बिलाचा नंबर उद्या मी दोन्हीकडच्या कलेक्टर कचेरीत कळवते, म्हटलं. धंद्यातला माणूस आहे, त्याला पटलं."

रात्री कोल्हापूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही महाबळेश्वरवरून खाली उतरत होतो. आंबेनळीच्या घाटात भर दुपारी धुकं भरलेलं. मधल्या एका वळणावर अचानक म्हणाले, "गाडी थांबव रे." जीपवाल्याला वाटलं, लघवीला जायचं असेल. हे उतरले आणि सरळ कठड्यापाशी गेले. खाली काही दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. मी तशीच धावले आणि मागून ह्यांचा सदरा मुठीत धरला. दोन्ही हातांनी. फाटला तर फाटू दे म्हटलं.

हे मागे वळले नाहीत. म्हणाले, "बंदूक नाय मिळाली ते बरंच झालं गो."

मी म्हटलं, "का हो?"

"डुकरासाठी नव्हती ती. म्हंजे डुकरासाठीच होती. पण रोज मनात येतं काय काय. मला माझीच भीती वाटते."

मग हे रडायला लागले. माझा नवरा, ज्याला मी कधी रडताना पाहिला नाही, सासरे गेले तेव्हाही नाही, तो घाटात कठड्याला धरून लहान पोरासारखा रडला. मी सदरा सोडला नाही. मी म्हटलं, "मलाही भीती वाटते. वर्षभर वाटते. मी झोपलेय कुठे?" तेव्हा ते वळले आणि माझ्याकडे असं बघायला लागले, जणू त्या घरात आपल्याशिवाय आणखी कोणी जागं होतं हे त्यांना आत्ताच कळलंय. जीपवाला शहाणा. त्याने गाडीचं तोंड पलीकडे करून ठेवलं आणि रेडिओ लावला.

तिसऱ्या दिवशी मी ह्यांना घेऊन काकूंचा जिना चढले. काकूंनी उपदेश केला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही, बेळगावचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, "दादा, परवान्याची मुदत जाऊ दे. पुन्हा अर्ज कराल तेव्हा डॉक्टरचा दाखला लागेल, शरीराचा आणि मनाचा. महाडात आठवड्यातून एकदा मनाचे डॉक्टर येतात. आत्तापासून दाखवायला लागा, म्हणजे तेव्हा अडायचं नाही." ही काकूंची हुशारी. वेड्याच्या डॉक्टरकडे चला म्हटलं असतं तर ह्यांनी जिना मोडला असता. दाखल्यासाठी जायचं म्हटल्यावर निमूट उठले. आणि काकू, ज्या दिवसातून एकदाच जिना उतरायच्या, त्या दुपारी दुकान बंद करून, गुडघ्यावर हात ठेवत आमच्याबरोबर खाली उतरल्या आणि दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसल्या.

हे आत गेले आणि मी त्यांना विचारलं, "काकू, तुमच्या घरात कोणी...?" काकूंच्या अटीमागे घरातलंच काही दुखणं असणार, असं बाजारात सगळ्यांना वाटायचं. काकू म्हणाल्या, "नाही गं. आमचे साखरेच्या आजाराने गेले, अंथरुणात." थोडा वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "धंद्याच्या पहिल्या वर्षी एका माणसाला बंदूक विकली. कागद सगळे चोख. त्याची बायको खाली पागोळ्यांखाली उभी होती, पिशवी घेऊन. जिन्याच्या दोन पायऱ्या चढली, मग परत खाली गेली. मी वरून बघितलं होतं. म्हटलं, बाईमाणसाचं काय काम वर? आठ दिवसांनी बातमी आली."

बरं व्हायला वेळ लागला. एका गोळीने बरं होतं असं कोणी सांगितलं तर खोटं आहे. गोळ्या बदलल्या, मध्ये दोन महिने पुन्हा ओटा आला, मध्ये ह्यांनी गोळ्या सोडल्या आणि मी ताट आपटलं. प्रत्येक फेरीला परत येताना काकूंच्या दुकानात चहा ठरलेला. तिकडे ह्यांनी वाडीतले चार जण गोळा केले, शेताला सौर कुंपण घातलं, पाळीपाळीने राखणीला बसायला लागले. एकटे नाहीत, चौघं. शेतातल्या उंच माळ्यावर बसून डबे बडवायचे आणि एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे. डुकरं अजून येतात. दुसरा अर्ज ह्यांनी केलाच नाही. काकूंनीही कधी आठवण केली नाही. धंदा करणाऱ्या बाईने हक्काचं गिऱ्हाईक असं सोडून द्यावं!

गेल्या वर्षी काकू गेल्या. थोड्या दिवसांच्या दुखण्याने, फारसा त्रास न देता. तेराव्याला आम्ही दोघं महाडला गेलो. जेवणं आटोपत आली होती तेवढ्यात दोन हवालदार आले. मालक गेला की दुकानाचा परवाना तिथेच संपतो, नवा कोणाच्या नावावर होईपर्यंत हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात. काकूंचा मुलगा पुण्याहून आलेला, पण त्याचा पाय प्लास्टरमध्ये. एक हवालदार वर यादी वाचायला थांबला, दुसरा खाली गाडीपाशी. मधल्या जिन्यावरून उतरवणार कोण? मी काही बोलायच्या आत हे उठले. "मी आणतो."

मी जिन्याखाली उभी राहिले. माणसं ये-जा करत होती, कोणीतरी मला पान विचारलं, माझे कान वरच लागलेले. वरून हवालदाराचा आवाज यायचा, नंबर वाचल्याचा, कपाटाची साखळी सुटल्याचा. मग ह्यांचे पाय पहिल्या पायरीवर दिसायचे. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात बंदूक, नळी खाली जमिनीकडे, बोट चापापासून लांब. मला माहीत होतं ती रिकामी आहे. हवालदाराने उघडून बघितली होती, वरून आलेला तो आवाज मी ऐकला होता. तरी मी त्या बोटावरची नजर काढली नाही. इतकी वर्षं मी ह्या माणसाला गोळ्या दिल्या, डॉक्टर म्हणाले बरे आहेत, मीही लोकांना बरे आहेत असंच सांगितलं. पण खरं बघायची वेळ आत्ता आली होती, आणि विचारायला काकू नव्हत्या. पहिली दिली खालच्या हवालदाराच्या हातात. वळले, पुन्हा वर. दुसरी. पुन्हा वर. तिसऱ्या वेळी वर जरा उशीर झाला. मी एक पायरी चढले. तेवढ्यात पाय दिसले.

चौथी आणली, दिली, कागदावर साक्षीदार म्हणून सही केली. मग माझ्याकडे आले. चेहऱ्यावर उजेड नव्हता नि अंधारही नव्हता. वजन उचलून दमलेल्या माणसाचा असतो तसाच चेहरा. दोन्ही हात पुढे धरले आणि म्हणाले, "तेल लागलंय गो हाताला. पुसायला काय हाय?"

मी पदर पुढे केला.